गोधडी शिवावयास देतांना

थंडीचे दिवस जवळ आले म्हणजे घरोघरीं माळ्यावरच्या पेट्या उघडतात आणि त्यांतून जुनीं लुगडीं, धोतरें व चादरी बाहेर निघतात. पूर्वीं हीं वस्त्रें घरांतील आजी दुपारच्या वेळीं ओटीवर पसरून स्वतःच शिवीत असे. आतां पुष्कळ घरांत तितका वेळ व तितकी दृष्टि कोणापाशीं राहिलेली नाहीं. त्यामुळें गोधडी मजुरीनें शिवून घेण्याचा प्रघात पडला आहे. परंतु आपली वस्तु दुसऱ्याच्या हातीं दिली म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. आपण सांगितलें एक व कारागिरानें केलें दुसरेंच, तर काय करावें? प्रश्न दिसावयास लहान आहे. पण ज्या घरीं तो उद्भवतो त्या घरीं तो लहान वाटत नाहीं. प्रस्तुत लेखकाच्या घरीं तो उद्भवला होता, आणि त्यापासून जें शिकावयास मिळालें तें आपल्या शाळेच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम गोधडी म्हणजे काय हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण वस्तु कशी बनते हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास सूचनाही नीट देतां येत नाहींत. रजई किंवा दुलई आणि गोधडी यांत भेद आहे. रजईच्या दोन पदरांमध्यें पिंजलेला कापूस भरलेला असतो, व त्यासाठीं पिंजाऱ्याची गरज लागते. गोधडींत कापूस नसतो. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडांचे थर एकावर एक ठेवून ते साध्या धांवदोऱ्यानें एकत्र शिवलेले असतात. जाड व ठिगळें जोडलेल्या गोधडीस कित्येक ठिकाणीं वाकळ म्हणतात, आणि तान्ह्या मुलासाठीं केलेल्या लहान गोधडीस दुपटें म्हणतात. ही कला केवळ आपलीच नव्हे. बंगाल्यांत तिला कांथा म्हणतात. उत्तर कर्नाटकांतील सिद्दी स्त्रिया कवंदी शिवतात, आणि तिच्या चारी कोपऱ्यांस रंगीत तुकड्यांचीं फुलें लावल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. महाराष्ट्रांत तर गोधडी ही साधेपणाची खूणच होऊन बसली आहे. श्रीगाडगेमहाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचें वस्त्र वापरीत म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत.

आतां तिच्या घडणीकडे पाहूं. नऊवारी लुगडें म्हणजे सत्तावीस फूट लांब आणि सुमारें पंचेचाळीस इंच रुंद असें वस्त्र. त्याच्या लांबीच्या चार घड्या केल्या असतां प्रत्येक घडी पावणेसात फूट भरते. म्हणजे एका लुगड्यांतून पावणेसात फूट लांब व पावणेचार फूट रुंद अशी एका माणसाची चार थरांची गोधडी होते. दोघांच्या निजण्याची हवी असेल तर त्याच लुगड्याचे चार तुकडे करून दोन दोन तुकडे काठास काठ जोडावे लागतात. तसें केल्यानें रुंदी साडेसात फूट होते, पण थर दोनच पडतात व आणखी कापड लागतें. या हिशेबावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. गोधडीचें माप, तिची जाडी आणि काठ व पदर अखंड ठेवणें या तिन्ही गोष्टी एकमेकींशीं बांधलेल्या आहेत. एकीविषयीं आग्रह धरला कीं दुसरीस थोडी मुरड घालावी लागते.

थर जमिनीवर अंथरून मध्यापासून कडेकडे हातानें सारखे करितात, कोपऱ्यांवर वजन ठेवितात, कच्चे टांके घालून ते जागच्या जागीं बांधितात, आणि मग कडेपासून आंत आंत चौकोनांत चौकोन असा धांवदोरा घालीत मध्यापर्यंत येतात. थर नीट ताणले गेले नाहींत तर आंत सुरकुती राहते व ती पुढें कधींही निघत नाहीं. टांके किती जवळ घालावे यासही मर्यादा आहे. गोधडीची ऊब थरांमध्यें कोंडलेल्या हवेमुळें येते. टांके फार दाट झाले तर थर एकमेकांस चिकटतात, हवा राहावयास जागा उरत नाहीं, आणि गोधडी ताठ होऊन ऊबही कमी देते. दोरा कापडापेक्षां बळकट असेल तर तो जीर्ण कापडास करवतीसारखा कापतो. म्हणून जुन्या सुती वस्त्रास सुती दोराच चांगला, कृत्रिम धाग्याचा नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, जुन्या कापडांतून शिवण उसवली तरी सुईचीं भोंकें राहतात, व कापड विरलेलें असेल तर उसवतांना फाटतेंही. शिंप्यानें नव्या कापडाचा सदरा सैल शिवला तर तो पुन्हां घट्ट करितां येतो. गोधडींतील चूक मात्र बहुधा पुरती दुरुस्त होत नाहीं. म्हणून येथें सूचनेस विशेष महत्त्व आहे.

आतां आमच्या घरची हकीकत सांगतों. माझ्या मातोश्री निवर्तल्यावर त्यांचें एक हिरवें इरकली लुगडें माझ्या बहिणीनें जपून ठेविलें होतें. तिच्या मुलीचें पहिलें बाळंतपण जवळ आलें, तेव्हां त्या लुगड्याची गोधडी करून पणजीची ऊब पणतवंडास द्यावी असें तिच्या मनांत आलें. गोधड्या शिवून देणाऱ्या एका बाईंचें नांव कळलें. त्यांचें काम पाहिलें, तें सुबक होतें. लुगडें त्यांच्या हातीं देण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं दारांत उभ्या उभ्या तीन गोष्टी सांगितल्या. काठ कापूं नये. पदर वरच्या अंगास दिसेल असा ठेवावा. आणि सर्व शिवण हातानें घालावी. बाई "बरं मास्तर" म्हणाल्या, आगाऊ पैसे घेतले, आणि मी परत आलों. एवढें बोलणें व्हावयास पांच मिनिटेंही लागलीं नसतील.

महिन्यानें गोधडी आली. काठ कापून चहूंकडून गोट म्हणून लावले होते, पदर आंतल्या थरांत गेला होता, आणि सर्व शिवण यंत्राची होती. माझी बहीण कांहीं बोलली नाहीं. तिनें गोधडीची एक कड हातांत धरली आणि पदर कोठें आहे तो बोटांनीं चांचपून पाहूं लागली. मला मात्र राग आवरेना. मी तसाच गोधडी घेऊन बाईंकडे गेलों आणि उरलेला एक पैसाही देणार नाहीं असें सांगितलें.

बाई शांतपणें म्हणाल्या, "मास्तर, पदर पार विरला होता. उजेडाला धरून बघायचा होतात तुम्ही. वर ठेवला असता तर एका पावसाळ्यांत त्याची जाळी झाली असती. काठ तेवढा मजबूत होता, म्हणून कडेला लावला. लेकराच्या अंगाखालीं घालायची गोधडी, ती टिकायला नको का?"

मीं विचारलें, "आणि हातानें शिवायचें ठरलें होतें, त्याचें काय?"

या प्रश्नास मात्र त्यांच्याजवळ उत्तर नव्हतें. कांहीं वेळानें त्या म्हणाल्या, "कामं लई घेतलीं होतीं. तारीख चुकली असती."

घरीं येतांना या उत्तरांचा मी विचार करूं लागलों, तेव्हां माझा राग निम्मा उतरला आणि उरलेला निम्मा अधिक नेमका झाला. कारागीर सूचना पाळीत नाहीं असें आपण एका दमांत म्हणतों. पण त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या तरच उपाय सुचतो.

पहिली गोष्ट गैरसमजाची. सांगणाऱ्याच्या मनांत एक चित्र असतें व ऐकणाऱ्याच्या मनांत दुसरें उमटतें. "पांच हात गोधडी" असें सांगितलें तर कोणाचा हात धरावयाचा? सहा फुटी पुरुषाचा हात आणि ठेंगण्या स्त्रीचा हात यांत दोन तीन इंचांचा फरक सहज पडतो, व पांच हातांत तो एक फुटावर जातो. "जरा जाड करा," "टांके बारीक घाला," हे शब्दही असेच निसरडे आहेत. अशा चुकींत दोष दोघांचा असतो.

दुसरी गोष्ट कारागिराच्या जाणतेपणाची. त्यास कापडाची परीक्षा आपल्यापेक्षां अधिक असते. सूचनेप्रमाणें केलें तर काम बिघडेल असें त्यास दिसतें आणि तो आपल्या मतानें वेगळें करतो. पदराविषयीं व काठाविषयीं बाईंनीं केलें तें असेंच होतें. त्यांचा निर्णय चुकीचा नव्हता. पण तो घेण्याचा अधिकार त्यांचा नव्हता. आम्हांस टिकाऊ गोधडी हवी होती कीं मातोश्रींचा पदर डोळ्यांपुढें हवा होता, हें ठरविणें आमच्याकडे होतें. त्यांनीं एक निरोप धाडला असता तर आम्ही कदाचित् गोधडी दुसऱ्याच लुगड्याची केली असती. मात्र माझाही येथें दोष होता. पदर वर ठेवा एवढें मीं सांगितलें. कां ठेवा तें सांगितलें नाहीं. तें वस्त्र आमच्या आईचें आहे हें बाईंस ठाऊकच नव्हतें.

तिसरी गोष्ट सोयीची. वेळ वांचावा, श्रम वांचावे किंवा दोरा वांचावा म्हणून ठरलेलें काम सोडून सोपें काम करणें. हाताऐवजीं यंत्र वापरणें हें या वर्गांत येतें. येथें कारागिराच्या बाजूनें सांगण्यासारखें कांहीं राहत नाहीं. कारण हाताच्या कामाचा दर ठरवून यंत्राचें काम देणें म्हणजे दूध म्हणून ताक देणें होय.

पहिल्या चुकीस उपाय स्पष्ट भाषा, दुसरीस उपाय मोकळें बोलणें, आणि तिसरीस उपाय लेखी ठराव. यासाठीं गोधडी शिवावयास देतांना पुढील गोष्टी पाळाव्या, असें मला अनुभवानें वाटतें.

एक : वस्त्र देण्यापूर्वीं घरीं स्वतः तपासावें. तें उजेडास धरून पाहावें. घडीच्या रेघेवर तें आधीं विरतें. रंग जातो कीं काय हें पाहण्यासाठीं एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यांत दाबून धरावा. फडक्यास रंग लागला तर तें वस्त्र फिक्या कापडाबरोबर शिवूं नये. नवें कापड अस्तरास द्यावयाचें असेल तर तें एकदां धुऊन वाळवून मगच द्यावें. नाहींतर पहिल्याच धुण्यांत तें आटतें आणि सारी गोधडी चुणते.

दोन : माप फूट-इंचांत किंवा सेंटिमीटरांत सांगावें, आणि शक्य तर घरची एखादी गोधडी सोबत न्यावी. शितावरून भाताची परीक्षा होते, तशी नमुन्यावरून कामाची होते. टांके किती अंतरावर हवे, हें सांगण्यापेक्षां दाखविणें शंभर पटींनीं चांगलें.

तीन : सूचनेबरोबर तिचें कारण सांगावें. ताकास जाऊन भांडें लपवूं नये. हें वस्त्र आईचें आहे, यास कात्री लागूं नये, असें सांगितलें कीं कारागिराचा हात आपोआप जपून चालतो.

चार : सूचना थोड्या द्याव्या, पण ज्या द्याव्या त्या लिहून द्याव्या. कागदावर माप, थर, दोरा, शिवण हाताची कीं यंत्राची, मजुरी, आगाऊ रक्कम व तारीख एवढें असलें म्हणजे पुरे. त्याच्या दोन प्रती करून एक आपल्याकडे ठेवावी. कारागिरास वाचतां येत नसेल तर कागद मोठ्यानें वाचून दाखवावा आणि त्याच्याच तोंडून तो पुन्हां सांगवून घ्यावा. हल्लीं प्रत्येकाच्या हातीं मोबाईल असतो. वस्त्राचें व नमुन्याचें छायाचित्र काढून ठेवणें कठीण नाहीं.

पांच : "मोडतां येणार नाहीं" आणि "अडचण आल्यास विचारा" असे सूचनांचे दोन भाग करावे. पहिल्या भागांत एक दोनच गोष्टी असाव्या. सर्वच गोष्टींचा आग्रह धरणारा मनुष्य कशाचाच आग्रह धरीत नाहीं असें ऐकणाऱ्यास वाटतें.

सहा : काम अर्धें असतांना एकदां जाऊन पाहावें. कच्चे टांके घातले आहेत पण पक्का दोरा घातलेला नाहीं, ही खरी पाहण्याची वेळ होय. त्या वेळीं थर बदलतां येतो, पदर वर काढतां येतो. मी त्या महिन्यांत एकदां तरी गेलों असतों तर हा लेख लिहिण्याचें कारणच पडलें नसतें.

इतकें करूनही काम बिघडलें तर काय करावें? प्रथम वस्तु नीट पाहून, जें ठरलें व जें झालें यांतील फरक एकेक करून सांगावा. "सारें बिघडविलें" असें म्हटल्यानें कारागीर स्वतःचा बचाव करूं लागतो. "हाताची शिवण ठरली होती, ही यंत्राची आहे" असें म्हटल्यानें त्यास उत्तर द्यावें लागतें. मग त्याचें म्हणणें पुरें ऐकावें. त्यानंतर दुरुस्ती कितपत होईल हें त्यालाच विचारावें आणि दुरुस्तीनें कापडास अधिक इजा तर होणार नाहीं ना, हें पाहावें. दुरुस्ती होत नसेल तर मजुरींत योग्य ती सूट मागावी. काम मुळींच झालें नाहीं असें भासवून सर्वच पैसे बुडविणें मात्र न्याय्य नव्हे.

कायदाही या बाबतींत मुका नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १४८ व्या कलमांत, एखाद्या कामासाठीं दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या वस्तूचा विचार केला आहे. काम झाल्यावर ती वस्तु परत करावी किंवा देणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणें तिची व्यवस्था करावी, असा त्या व्यवहाराचा अर्थच तेथें दिला आहे. १५१ व्या कलमाप्रमाणें, सामान्य समंजस मनुष्य आपल्या स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी काळजी घेणें हें वस्तु ठेवून घेणाऱ्याचें कर्तव्य आहे. १७० वें कलम कारागिराच्या बाजूचें आहे. ठरलेल्या हेतूप्रमाणें त्यानें श्रम किंवा कौशल्य खर्च केलें असेल, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तु त्यास अडवून ठेवतां येते. या कलमाच्या उदाहरणांत कोट शिवणाऱ्या शिंप्याचीच गोष्ट आहे. कोट पुरा होतांच देईन व पैशासाठीं तीन महिने थांबेन, असें त्यानें कबूल केलें असेल तर मात्र त्यास कोट अडवितां येत नाहीं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें, मोबदला देऊन घेतलेल्या सेवेंत उणीव राहिल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची सोय केली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आंत करावी लागते. दिलेला मोबदला पांच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाहीं. आणि सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा दूरध्वनि क्रमांक आहे. तथापि गोधडीसारख्या कामांत ही पायरी अगदीं शेवटची समजावी. आयोग पैसे परत देववील. कापलेला काठ जोडून देणार नाहीं.

येथें कारागिराची बाजूही थोडी सांगितली पाहिजे. गोधडी हाताने शिवणें हें पाठ, मान व डोळे यांस शिणविणारें काम आहे. जमिनीवर वांकून दिवसचे दिवस टांके घालावे लागतात. गिऱ्हाईक मात्र बाजारांतील यंत्राच्या रजईशीं तुलना करून मजुरी पाडूं पाहतें, आणि वर हाताच्याच कामाचा आग्रह धरतें. अशा ओढाताणींत कित्येक कारागीर यंत्राकडे वळतात. तेव्हां हाताचें काम हवें असेल तर हाताच्या कामाची मजुरी व हाताच्या कामास लागणारा अवधि या दोन्ही गोष्टी मोकळ्या मनानें दिल्या पाहिजेत. ज्यानें घाई लावली त्यानें यंत्राची तक्रार करूं नये.

आमच्या गोधडीचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणून घ्यावेंसें वाटेल. मी दुसऱ्या दिवशीं बहिणीस घेऊन पुन्हां बाईंकडे गेलों. तें लुगडें कोणाचें होतें हें बहिणीनें त्यांना सांगितलें. बाई कांहीं वेळ गोधडीवरून हात फिरवीत बसल्या, मग म्हणाल्या, "ताई, हें आधीं सांगितलं असतंत तर मीं कात्रीच लावली नसती." त्यांनीं स्वतः होऊन पदराच्या भागावरील सर्व शिवण उसवून देण्याचें कबूल केलें, आणि त्या कामांत आठ दिवस घातले. पदर निघाला, पण दोन ठिकाणीं फाटला, व त्यावर शिवणीच्या भोंकांच्या ओळी कायमच्या राहिल्या. त्याखालीं मऊ मलमल लावून तो आतां घडी न घालतां गुंडाळून ठेविला आहे. त्याच्या जागीं बहिणीचें एक जुनें पातळ घालून बाईंनीं गोधडी पुन्हां मिटवली, आणि तेवढा भाग हातानें शिवला. मजुरी यंत्राच्या दरानें मीं दिली व त्यांनीं घेतली. याबद्दल कोणींही वाद केला नाहीं. त्या गोधडीवर माझ्या बहिणीची नात निजते. तिच्या चहूंबाजूंस आमच्या आईच्या लुगड्याचा काठ आहे, आणि तो खरोखरच बळकट आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही उद्यां कोणाकडून कांहीं करवून घ्याल, आणि कोणासाठीं कांहीं कराल. करवून घेतांना आपलें म्हणणें व त्याचें कारण दोन्ही सांगा. आणि दुसऱ्याचें काम हातीं घेतांना, त्याच्या सांगण्यांत चूक आहे असें वाटलें तर कात्री उचलण्यापूर्वीं त्यास विचारा. एका प्रश्नास क्षणभर वेळ लागतो. तो न विचारल्यामुळें आमच्या बाईंचे आठ दिवस गेले, आणि आमच्या आईचा पदर फाटला.